वरच्याची पावलं खालच्याच्या डोक्यावर पडू नयेत म्हणून: लहान लाकडी बिल्डिंग डिझाइन करताना आवाजाचं काय काय बघायचं

कॅनडात आल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही एका तीन मजली लाकडी बिल्डिंगमध्ये मधल्या मजल्यावर भाड्याने राहिलो. वरच्या घरात तीन-चार वर्षांचं पोर होतं, ते संध्याकाळभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं आणि आमच्या डोक्यावर धबधब सुरू व्हायचं, कानाला ऐकू येण्यापेक्षा ते छातीतच जाणवायचं. आणि खालच्या आजींनी एकदा दार वाजवून अगदी नम्रपणे विचारलं की तुम्ही रोज सकाळी साडेसहाला काय ठोकता. मी चहासाठी आलं कुटत होते, खलबत्त्यात. त्या पोराचं काही चुकत नव्हतं, माझंही नाही, आणि आजींचे कान काही फार तिखट नव्हते. चूक मजल्याच्या सेक्शनमध्ये, म्हणजे थरांच्या रचनेत, होती आणि ती बिल्डिंग उभी राहायच्या आधी कागदावरच झालेली होती.

आता मी स्वतः अशाच लहान लाकडी बिल्डिंगांची ड्रॉइंग करते. चार घरं, सहा घरं, तीन मजले, लिफ्ट नाही. २०२३ च्या मे महिन्यात टोरांटोने शहरभर एका प्लॉटवर चार घरांपर्यंत परवानगी दिली, त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटिश कोलंबियानेही तशाच धर्तीचा कायदा केला, आणि तेव्हापासून आपली बरीच मंडळी जुना बंगला पाडून फोरप्लेक्स-सिक्सप्लेक्स बांधायच्या मागे आहेत, खाली आपण किंवा आईबाबा, वर भाडेकरू. लोन विचारतात, परमिट विचारतात, पार्किंग विचारतात. आवाजाचं कोणी विचारत नाही, आणि राहायला गेल्यावर पहिला फोन त्याचाच येतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहिते.

आधी लाकडाचा स्वभाव

आपण मुंबई-पुण्यात आरसीसीच्या स्लॅबखाली वाढलो. पाच-सहा इंची स्लॅब म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ते ३५० किलो. इथला साधा लाकडी मजला, म्हणजे जॉइस्ट (मजला तोलणाऱ्या आडव्या तुळया), वर ओएसबी (लाकडाच्या चिपांचा दाबलेला बोर्ड), खाली ड्रायवॉलचे (जिप्समच्या बोर्डचे) दोन थर, सगळं धरून ४०-५० किलो. हलकी गोष्ट चटकन हलते, बस एवढंच आहे सगळं. स्लॅबमधून खुर्ची सरकवल्याची खरखर आणि चमचा पडल्याचा टणकन आवाज खाली जातो, लाकडातून टाचेचं धप्प जातं, आणि हे धप्प थांबवणं जास्त अवघड आहे कारण ते खूप खालच्या फ्रीक्वेन्सीचं असतं, बरंचसं १०० हर्ट्झच्या खाली.

जुन्या लोकांना वजनाचा फायदा माहीत असावा. आपल्या वाड्यांमध्ये कडीपाटावर मातीचा जाड थर घालून मग माडीची जमीन सारवायचे, युरोपातल्या जुन्या घरांत जॉइस्टच्या मधल्या जागेत वाळू किंवा राख भरायचे. आताच्या हलक्या फ्रेमिंगमध्ये ते वजनच गायब झालं.

तर करायचं काय, की वजन वाढवायचं, दोन बाजू एकमेकींपासून सुट्या ठेवायच्या आणि फटी बुजवायच्या. मधल्या पोकळीत ग्लासवूल घालायचंच, पण लोकांना वाटतं ग्लासवूल म्हणजेच साउंडप्रूफिंग, तसं अजिबात नाही. स्टड, म्हणजे भिंतीतला उभा लाकडी खांब, दोन्ही बाजूंना चिकटलेला असेल तर ग्लासवूल कितीही कोंबा, आवाज स्टडमधून जाणार.

पहिली पायरी: कोणता आकडा गाठायचा ते ठरवा

इथे दोन आकडे चालतात. एसटीसी म्हणजे हवेतून येणारा आवाज, बोलणं, टीव्ही, कुकरची शिटी. आयआयसी म्हणजे आपटण्याचा, पावलांचा, खलबत्त्याचा. दोन्ही जितके मोठे तितके चांगले. अमेरिकेतल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडमध्ये दोन्हीला ५० लागतात, प्रत्यक्ष जागेवर मोजलं तर ४५ चालतात. कॅनडाच्या २०१५ च्या नॅशनल बिल्डिंग कोडने फार चांगली गोष्ट केली, नुसत्या भिंतीचा लॅबमधला आकडा न बघता घराघरांत आजूबाजूने येणारा आवाज धरून एएसटीसी ४७ मागितला. पण पावलांच्या आवाजाला तिथे सक्ती नाही, फक्त आयआयसी ५५ ची शिफारस आहे. म्हणजे बिल्डर तुम्हाला ‘कोडप्रमाणे आहे’ म्हणाला तर तो खरंच बोलतोय आणि तरीही वरच्याची पावलं ऐकू येणार.

अजून एक मेख आहे. एसटीसी १२५ हर्ट्झपासून पुढे मोजतात, आयआयसी १०० पासून. लाकडी मजल्याचं खरं दुखणं त्याच्या खाली. मोजायला जे टॅपिंग मशीन असतं त्यात ५०० ग्रॅमच्या पाच हातोड्या ४० मिमीवरून सेकंदाला दहा ठोके देतात, ते पळणाऱ्या पोरासारखं नसतंच. स्वीडनमध्ये १९९४ पर्यंत दोन मजल्यांपेक्षा उंच लाकडी बिल्डिंगला बंदी होती, ती उठल्यावर लोक लाकडी फ्लॅटमध्ये राहायला लागले आणि १९९९ पासून त्यांनी नियमातच ५० हर्ट्झपर्यंतचं मोजमाप आणलं. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. इथे कॅनडात सक्ती नसली तरी डिझाइन करताना तिकडेच नजर ठेवा.

मी क्लायंटला सांगते, दोन घरांमधल्या भिंतीला लॅबचा एसटीसी ६० च्या वर, मजल्याला एसटीसी ६० आणि आयआयसी ५५ च्या वर धरून चला, मग साइटवर चार-पाच पॉइंट गळाले तरी माणसं सुखाने राहतात. १० डेसिबलचा फरक म्हणजे कानाला आवाज निम्मा, हे डोक्यात असलं की हे आकडे कोरडे वाटत नाहीत.

दुसरी पायरी: प्लॅन, कारण इथे पैसे लागत नाहीत

सिक्सप्लेक्सला सगळ्यात चांगला प्लॅन म्हणजे मधोमध जिना आणि दोन्हीकडे एकेक घर. दोन घरांची सामाईक भिंत जवळजवळ उरतच नाही, मध्ये जिना आणि प्रवेशाची जागा येते. सामाईक भिंत येणारच असेल तर तिला लागून कपाटं, बाथरूम, पॅसेज येऊ द्या, पलंगाची उशाची बाजू येऊ देऊ नका. एका मजल्यावरचं किचन दुसऱ्या मजल्यावरच्या किचनवर, बेडरूम बेडरूमवर. वरच्या घराचं लिव्हिंग खालच्या बेडरूमवर आलं की मजल्यावर कितीही खर्च करा, रात्री अकराला भांडण होणारच. आपल्याकडे सकाळी लवकर मिक्सर, कुकर, पोळ्या हे सगळं असतं, तर किचनच्या खाली कोणाची झोपायची खोली नको हे पहिल्या स्केचमध्येच बघा.

आणि स्पॅन, म्हणजे जॉइस्टच्या दोन आधारांमधलं अंतर, लहान ठेवा. लांब स्पॅनचा मजला पायाखाली उडतो, उडतो म्हणजेच खाली ढोल वाजतो. जॉइस्टला मध्ये आधार मिळाला तर मजला घट्ट होतो आणि जॉइस्टची खोली कमी करायचा मोहही टाळा.

तिसरी पायरी: दोन घरांमधली भिंत

साधी टू बाय फोर स्टडची (सुमारे ३८ बाय ८९ मिमी) एक रांग, दोन्हीकडे एकेक ड्रायवॉल, मध्ये ग्लासवूल, याचा एसटीसी पस्तिशीच्या आसपास. शेजारचं बोलणं शब्दन्‌शब्द कळतं. मला आवडते ती दुहेरी स्टडची भिंत, टू बाय फोरच्या दोन वेगळ्या रांगा, दोन वेगळ्या बॉटम प्लेटवर (खालच्या आडव्या लाकडावर), मध्ये २५ मिमी फट, दोन्ही रांगांत ग्लासवूल, दोन्ही बाहेरच्या अंगांना १६ मिमी ड्रायवॉलचे दोन-दोन थर. ही साठच्या पुढे जाते आणि मुख्य म्हणजे कारागिराच्या हातून सहज बिघडत नाही.

का चालते ते समजून घ्या म्हणजे साइटवर कोणी ‘सुधारणा’ सुचवली तर उत्तर देता येईल. दोन बाजूंचे ड्रायवॉल आणि मधली हवा मिळून स्प्रिंगसारखं वागतात आणि एका फ्रीक्वेन्सीला ही भिंत जवळजवळ पारदर्शक होते. अंदाज काढायला दोन्ही बाजूंचं वजन किलो प्रति चौरस मीटरमध्ये घ्या, एक भागिले पहिलं अधिक एक भागिले दुसरं, त्याला मधल्या अंतराने मीटरमध्ये भागा, वर्गमूळ काढा, ६० ने गुणा. १६ मिमी ड्रायवॉल सुमारे ११ किलो. साध्या भिंतीत एकेक थर आणि ८९ मिमी पोकळी, उत्तर येतं ८६ हर्ट्झ. दुहेरीत २२-२२ किलो आणि २०३ मिमी, उत्तर ४० हर्ट्झ. ही फ्रीक्वेन्सी जितकी खाली ढकलाल तितकं बोलणं, टीव्ही, गाण्याचा बेस सगळं तिच्या वर सुरक्षित.

आता घोळ कुठे होतो, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला शिअर वॉल, म्हणजे वारा-भूकंपाचा आडवा जोर घेणारी भिंत, हवी असते आणि तो ओएसबी आतल्या अंगाला, त्या २५ मिमी फटीच्या बाजूला मारायला सांगतो. दोन्हीकडे तसं केलं तर आत सात-सात किलोचे ओएसबीचे दोन थर आणि मध्ये फक्त २५ मिमी हवा, तिथे उत्तर येतं २०० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे थेट बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यात. साहित्य वाढलं, खर्च वाढला आणि भिंत बिघडली. ओएसबी हवाच असेल तर खोलीच्या बाजूला, ड्रायवॉलच्या खाली. फटीत काहीही येता कामा नये, ओएसबी नको, तारांचे क्लॅम्प नकोत, आडव्या पट्ट्या नकोत. आगीसाठी मजल्याच्या पातळीला फट बंद करावी लागते, तिथे प्लायचा तुकडा न ठोकता तुमचा कोड मान्य करत असेल तर रॉकवूल दाबून बसवा.

जागा कमी असेल तर एकेरी स्टड आणि रेझिलियंट चॅनल (ड्रायवॉलला स्टडपासून सुटं धरणारी पत्र्याची लवचिक पट्टी) हा पर्याय आहे, पण त्याचा माझा अनुभव कटू आहे. चॅनल १३ मिमी, पहिला ड्रायवॉल १६, म्हणजे २९ मिमीपेक्षा लांब स्क्रू लागला की तो स्टडला जाऊन टेकतो. दुसऱ्या थराला मर्यादा ४५ मिमी, तिथे ४१ चा स्क्रू बरोबर, दोन इंची म्हणजे ५१ चा चूक. एका साइटवर माणसाने हाताला लागला तो दोन इंची डबा वापरला आणि पूर्ण भिंत ठार झाली, बाहेरून काहीच दिसत नव्हतं, टेस्ट केली तेव्हा कळलं. नंतर राहणाऱ्याने टीव्हीचा ब्रॅकेट स्टडमध्ये ठोकला तरी तेच होतं. चॅनल वापरायचाच तर स्क्रू मारायची पट्टी खाली ठेवा म्हणजे ड्रायवॉलच्या वजनाने तो स्टडपासून बाहेर ओढला जातो, आणि जुन्या ड्रायवॉलवर किंवा ओएसबीवर चॅनल कधीही मारू नका, १३ मिमीची बंद हवा म्हणजे पुन्हा तेच २०० हर्ट्झ. रबरी क्लिप आणि त्यात बसणारे हॅट चॅनल (टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या पट्ट्या) महाग पडतात पण जास्त भरवशाचे.

चौथी पायरी: मजला, इथे हात आखडू नका

पैसे एकाच ठिकाणी घालायचे असतील तर इथे घाला. माझा नेहमीचा सेक्शन वरून खाली असा: फ्लोअरिंग, ३८ मिमी जिप्समचं किंवा सिमेंटचं टॉपिंग (वरून ओतलेला थर), त्याखाली आवाज दाबणारी मॅट, १८ मिमी ओएसबी, ३०२ मिमी आय-जॉइस्ट (इंग्रजी आयच्या आकाराचे), त्यात १०० ते १५० मिमी ग्लासवूल, क्लिप आणि हॅट चॅनल, १६ मिमी ड्रायवॉलचे दोन थर. एकूण साधारण ४५० मिमी होतं, तर बिल्डिंगची उंची पहिल्या दिवशीच या हिशोबाने धरा, नंतर उंची कमी पडली की सगळ्यात आधी टॉपिंगवर कात्री चालते. जिप्सम टॉपिंग दर चौरस मीटरला ७० किलोच्या आसपास जातं, म्हणजे मजल्याचं वजन दुपटीच्याही पुढे, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला सुरुवातीलाच सांगा.

मॅट निवडताना ब्रोशरवरचा आयआयसी बघू नका, तो बहुतेक वेळा काँक्रीट स्लॅबवर मोजलेला असतो आणि लाकडावर त्याचा काही उपयोग नाही. डायनॅमिक स्टिफनेस विचारा, म्हणजे मॅट कंपांना किती कडक वागते तो आकडा, मेगान्यूटन प्रति घनमीटरमध्ये. टॉपिंग मॅटवर तरंगतं आणि त्याचीही एक फ्रीक्वेन्सी असते, १६० गुणिले वर्गमूळ, आत स्टिफनेस भागिले टॉपिंगचं वजन. ७० किलोच्या टॉपिंगखाली स्टिफनेस ४० ची पातळ मॅट घातली तर १२१ हर्ट्झ, १० ची मऊ घातली तर ६० हर्ट्झ. पातळ मॅटने टकटक जाते, धप्प तसंच राहतं. जर्मनी-ऑस्ट्रियात यावर एक पाऊल पुढे जातात, सबफ्लोअरवर आधी ६० मिमी खडीची कच भरतात, तेच ९० किलो झालं, मग मिनरल वूलची मऊ पाटी, मग ५० मिमी सिमेंटचा स्क्रीड. आपल्या माडीवरच्या मातीची ही सरळ नात आहे. तळमजल्यावर झोपणारी म्हातारी माणसं असतील आणि बजेट असेल तर मी हेच सुचवते.

टॉपिंग भिंतीला कुठेही टेकता कामा नये, चारही बाजूंनी फोमची पट्टी, ओतताना ती खाली पडली तर परत उभी करायची, आणि बाथरूमच्या टाइलच्या कडेला ग्राउट नाही तर सिलिकॉन. एका जागी जरी काँक्रीट भिंतीला शिवलं तरी तिथून पावलं भिंतीत आणि भिंतीतून खाली उतरतात.

उंची परवडत असेल तर सीलिंगसाठी वेगळे लहान जॉइस्ट टाका, भिंतीवर टेकलेले, वरच्या मजल्याला कुठेच न शिवणारे. धप्पवर याच्याइतका चांगला उपाय मला माहीत नाही. पॉट लाइट मात्र त्या ड्रायवॉलला भोकं पाडून बसवू नका, लाइट हवे असतील तर खाली अजून एक हलकं फॉल्स सीलिंग करा किंवा वरून लावायचे घ्या.

सीएलटीच्या, म्हणजे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या, जाड पॅनेलचं आता खूप कौतुक आहे आणि दिसतंही सुंदर, पण पाच थरांचं १७५ मिमी पॅनेल नुसतं ठेवलं तर वजन ८५ किलोच भरतं, एसटीसी चाळिशीच्या आसपास आणि आयआयसी पंचविशीत. लाकूड खालून उघडं दिसायला हवं असेल तर सगळं वजन आणि मऊपणा वरूनच द्यावा लागतो, तेव्हा कच आणि जाड स्क्रीडशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

पाचवी पायरी: सांधे, जिथे चांगल्या भिंती वाया जातात

समजा भिंत ५५ ची बांधली, पण तिच्या खालून ओएसबी एका घरातून दुसऱ्या घरात अखंड गेलाय आणि त्या वाटेने ४८ मिळतात. दोन्ही मिळून हाती येतात ४७. आता भिंतीवर भरपूर खर्च करून ती ६५ ची केली तरी हाती येतात ४८. दहा डेसिबलचे पैसे घातले आणि मिळाला जेमतेम एक. म्हणून मी ड्रॉइंगमध्ये भिंतीचा तपशील एकदा काढते आणि सांध्याचा चार वेळा.

सबफ्लोअर दुहेरी भिंतीच्या फटीत कापायचा, जॉइस्ट भिंतीखालून सलग पलीकडे न्यायचे नाहीत, प्रत्येक घराचे जॉइस्ट आपापल्या रांगेवर थांबायचे, जमलं तर ते सामाईक भिंतीला समांतर टाका म्हणजे भार आणि कंप दुसऱ्या भिंतींवर जातो. शिअरसाठी सलग डायफ्राम (आडवा जोर वाहून नेणारा अखंड सबफ्लोअर) हवाच असं इंजिनिअर म्हणाला तर निदान दोन्हीकडे मॅटवर टॉपिंग घाला, त्याने ही वाट बरीच दबते. ओटावाच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने या सांध्यांवर वर्षानुवर्षं मोजमापं केली आहेत आणि त्यांचं साउंडपाथ्स नावाचं कॅल्क्युलेटर फुकट आहे, आपली भिंत, आपला मजला, आपला सांधा घालून एएसटीसी काढता येतो, परमिटच्या ड्रॉइंगआधी एक संध्याकाळ त्यात घाला.

जिना पण सांधाच आहे. जिन्याच्या कडा सामाईक भिंतीच्या स्टडना ठोकल्या की प्रत्येक पायरी बेडरूममध्ये वाजते. जिना वर आणि खाली लँडिंगवर टेकवा, मध्ये रबरी बेअरिंग, भिंतीपासून सुटा.

सहावी पायरी: भोकं, पाइप, दारं

चार मीटर लांब, अडीच मीटर उंच भिंत घ्या. तिच्या खाली ३ मिमी फट राहिली तर ती क्षेत्रफळाच्या ०.१२ टक्के होते, आणि एवढ्या फटीने कितीही चांगली भिंत साधारण २९ डेसिबलवर येऊन थांबते. म्हणून ड्रायवॉलच्या वर-खाली सगळीकडे लवचिक राहणारं अकूस्टिक सीलंट, बेसबोर्ड लावायच्या आधी. स्विचबोर्डचे डबे दोन्ही घरांचे पाठीला पाठ नकोत, वेगवेगळ्या स्टड-खणांत घ्या आणि मागून पुट्टीचं पॅड गुंडाळा. फोम स्प्रे करणाऱ्याला पोकळीत येऊ देऊ नका, बंद पेशींचा कडक फोम आवाज शोषत नाही.

सांडपाण्याचा पाइप सामाईक भिंतीत नकोच, बेडरूमच्या सीलिंगमधूनही नको. इथे बाकी सगळं पीव्हीसी चालेल पण उभा मुख्य स्टॅक बिडाचा घ्या, वजनामुळे पाण्याची खळखळ खूप कमी होते, आणि क्लॅम्पखाली रबर. घराच्या मुख्य दाराला चारही बाजूंनी सील आणि तळाला दार बंद झालं की खाली उतरणारी पट्टी, नाहीतर साठच्या भिंतीत विशीचं दार.

शेवटी साइट आणि टेस्ट

सगळ्या घरांचं फिनिशिंग होऊ देऊ नका. एक वर-खालची आणि एक शेजारची अशी जोडी आधी ड्रायवॉल आणि टॉपिंगपर्यंत पूर्ण करून घ्या, कॉन्ट्रॅक्टमध्येच हे लिहा, आणि तेव्हा अकूस्टिक कन्सल्टंटला बोलवा. चूक सापडली तर बाकीच्या घरांत ती होत नाही. टेप लागायच्या आधी चॅनलचे स्क्रू मी स्वतः बघते, काही काढून लांबी मोजते, मॅटच्या कडा फोटो काढून ठेवते कारण टॉपिंग ओतल्यावर काही दिसत नाही.

मशीनची टेस्ट झाली की मी अजून एक करते. खालच्या खोलीत कोणाला तरी फोन देऊन बसवते, वर अनवाणी टाचा टेकत भिंतीच्या कडेकडेने चालते, मग मधोमध, मग दाराच्या उंबऱ्यापाशी. खालचा माणूस सांगतो कुठे जास्त येतंय. बहुतेक वेळा तो एखादा कोपरा असतो, टॉपिंग भिंतीला शिवलेला, आणि फ्लोअरिंग पडायच्या आधी तेवढी कड कापून मोकळी करायला अर्धा तास लागतो.